सिस्टरनी धुतलेला लॅपटॉप

“आधी धुऊन घेऊ, मंग पाहू.”

कुणी काहीही घेऊन आलं की आमच्या सिस्टर हेच म्हणायच्या आणि म्हणता म्हणता पदर कमरेला खोचायच्या. गुडघा फुटलेलं लेकरू असो, मातीनं भरलेली मेथीची जुडी असो, नाहीतर नवऱ्याशी भांडून आलेली बाई असो. भांडून आलेल्या बाईला तर त्या बोलूच द्यायच्या नाहीत. सरळ मोरीकडे पाठवायच्या. “तोंड धू. नाक शिंकर. मंग सांग काय झालं त.” गार पाण्यानं तोंड धुतलं की त्या बाईचं अर्धं भांडण मोरीतच वाहून जायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एक-दोनदा तर ती बाई मीच होते.

मी रिसोडला शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल, पिको. माझ्या मशीनसमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर सिस्टरचं दार. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, काय घेऊन गेलं, सगळं मला बसल्या जागी कळायचं. लोक याला चौकसपणा म्हणतात. म्हणोत बापडे. समोरचं दार उघडं असताना मी काय डोळे मिटून शिवू?

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल पाहा. नोकरीतून सुटलेली, पण गल्लीनं न सोडलेली. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रिठदकडच्या खेड्यांतून कधी जीपमध्ये लटकून, कधी चिखल तुडवत त्यांनी आयुष्यभर बाळंतपणं केली, सुया टोचल्या. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. नवरा फार लवकर गेला. एकच मुलगा, औषधांच्या कंपनीत, जिल्हाभर फिरतीवर. घर मोठं नव्हतं, पण एकट्या माणसाला तेवढंही खायला उठतं.

एकदा मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मी अशी ओरडले की समोरून सिस्टर अनवाणी धावत आल्या. हातात सलाईनची बाटली आणि बिनसुईची सिरिंज. सुई काढली, सिरिंजमध्ये सलाईन ओढलं आणि जखमेवर धार सोडत राहिल्या.

“नळाखाली धरलं असतं की,” मी कण्हत म्हटलं.

“नळाच्या पान्याचा काय भरोसा? हे पाह्य. याच्यावानी साफ पानी दुनियेत नाई. जरासं मीठ असते याच्यात, म्हनून झोंबतही नाई.”

खरंच झोंबलं नाही. त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात सलाईनच्या बाटल्या कायम असायच्या. दुसऱ्याच्या घरात लोणच्याच्या बरण्या असतात तशा. मेडिकलवाल्याकडून त्या स्वतः आणायच्या आणि गल्लीतल्या गुडघ्या-कोपरांवर खर्च करायच्या.

मुलाचं लग्न जमलं. मुलगी नागपूरची, शिकलेली, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करणारी. सिस्टरनी तिला विचारलं, “तुले दागिना कोन्ता करू?” ती म्हणाली, “आई, दागिना नको. माझा लॅपटॉप पार जुना झालाय, बंद पडत असतो. जमलं तर तो घ्या. तो चांगला असला की मी इथेच राहून काम करू शकते.”

‘इथेच राहून’ हे दोन शब्द ऐकले आणि सिस्टर हरखून गेल्या. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन सांगितलं, “पोरगी इथंच राह्यनार हाये वं. पुन्याले नाई जानार. माझ्या घरात मानूस वाढनार.” डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

तर असा तो लॅपटॉप आमच्या गल्लीत दागिना म्हणून आला. दागिना म्हटल्यावर बायका पाहायला येणारच. सिस्टर आधी प्रत्येकीला हात धुवायला लावायच्या, मग धुतलेल्या रुमालाखालून तो काढून दाखवायच्या. एका आजीनं सगळीकडून निरखून विचारलं, “चांगला हाये, पन हा घालते कुठं?” सून इतकी हसली की खालीच बसली. तिचं हसणं फार छान होतं. पोट धरून, डोळे पुसत, आवाज करत हसायची. त्या घरातून हसण्याचा असा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.

सुनेची मीटिंग असली की सिस्टर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या. राखणच म्हणा. आत कुकर बंद, मिक्सर बंद. गल्लीत भोंगा लावून भाजीवाला आला की हात वर करून त्याला अडवायच्या. “बंद कर थो भोंगा! सुनेची मीटिंग हाये.” तो बिचारा मग त्यांच्या घरासमोरून गाडी ढकलत, ओठातल्या ओठात “मेथी… मेथी…” पुटपुटत जायचा आणि माझ्या खिडकीपाशी येऊन पुन्हा भोंगा लावायचा. मी चिडले की सिस्टर म्हणायच्या, “तुही काय मीटिंग असते? ब्लाउजसंगं?”

दुपारच्या चहाची वेळ दोघींची ठरलेली. सिस्टर स्टीलच्या पेल्यात चहा नेऊन द्यायच्या, भरपूर साखर घातलेला. आपल्याकडे चहात कंजूषपणा म्हणजे माणसात कंजूषपणा. सून काम करता करता प्यायची आणि सिस्टर पलंगावर बसून तिच्या बोटांकडे पाहायच्या. बोलणं फारसं नसायचं. बोटं चालायची आणि ह्या पाहायच्या, एवढंच.

सोयाबीन निघालं होतं, मार्केटकडे गाड्यांची रांग लागायची, तेव्हाची गोष्ट. दुपारी समोरून सुनेची किंकाळी आली. मी कात्री टाकून धावले. चार्जरची वायर ओढताना तिच्याच कोपराचा धक्का लागला होता आणि अख्खा पेला लॅपटॉपवर सांडला होता. पोरगी घाबरली, पण डोकं ठिकाणावर होतं. वायर काढली, मशीन बंद केलं, टॉवेल अंथरून त्यावर लॅपटॉप पालथा घातला. वाशीमच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, चालू करू नका, काही करू नका, उद्या घेऊन या, उघडून पाहतो, वाचेल बहुतेक. हे मी स्वतः ऐकलं, कारण तिनं स्पीकर लावला होता. सिस्टर मात्र तेव्हा चहा पुसलेलं फडकं मोरीत पिळत होत्या, त्यांनी ते ऐकलंच नाही.

सुनेचं काम अर्धवट राहिलं होतं आणि ते संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं. “आई, याला असंच राहू द्या हं,” असं म्हणून ती बसस्टँडजवळच्या एका मैत्रिणीकडे, तिच्या कॉम्प्युटरवर काम करायला निघून गेली. मीही घरी आले.

तासाभरानं तयार झालेला ब्लाउज द्यायला मी पुन्हा समोर गेले. पाहते तर लॅपटॉप टॉवेलवर सरळ ठेवलेला, एकदम लखलखीत. शेजारी कापसाचे बोळे, सिरिंज आणि सलाईनची रिकामी बाटली. सिस्टर खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होत्या. चेहरा असा, जणू अडलेलं बाळंतपण सुखरूप पार पडलंय.

“हे काय केलं हो?” मी विचारलं.

“मुंग्या लागल्या होत्या वं. लाल मुंग्या. साखरेचा चहा, लागतीनच न! आत शिरल्या असत्या त सारं खाऊन टाकलं असतं. म्हनलं आधी धुऊन घेऊ. नळाचं पानी नाई घेतलं, सलाईन घेतलं. एकएका बटनाच्या फटीत धार सोडली, उलटा करून निथळवला, मंग कापसानं टिपला. आता पाह्य, चिकटपना हाये का कुठं?”

चिकटपणा कुठेच नव्हता. मला त्यातलं काय कळतंय? मला वाटलं, बाई शिकलेली आहे, बरोबरच केलं असेल.

“तिले सांगू नोको,” त्या हळूच म्हणाल्या आणि लॅपटॉप होता तसा पालथा घालून बाटली-सिरिंज उचलली. “उद्या दुकानवाला म्हनीन, काय साफ मशीन ठेवली बाई. तवा सांगतो मी, कोनं धुतली ते.”

त्या दिवशी त्या किती खुशीत होत्या, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवशी सासू-सून एसटीनं वाशीमला गेल्या. लॅपटॉप सिस्टरच्या मांडीवर, शालीत गुंडाळून. दुकानात काय झालं ते मला सिस्टरनीच परत आल्यावर सांगितलं, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून. दुकानवाल्यानं तो उघडला आणि कपाळाला हात लावला. आत पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, हे नुसत्या चहाचं काम नाही, यात खारट पाणी गेलंय, मिठानं आतलं सगळं खाल्लं. नुसता चहा असता तर वाचवला असता.

सून म्हणाली, “चहाच होता हो. मीच सांडला.”

दुकानवाला म्हणाला, “मग तुमच्या बोरच्या पाण्यात क्षार असेल.” आणि तो विषय तिथंच संपला.

म्हणजे संपला असता. पण दुकानाच्या पायरीवर सुनेनं सिस्टरचा हात धरला आणि रडायला लागली. “आई, तुम्ही एवढ्या हौसेनं घेऊन दिला आणि मी नीट सांभाळला नाही. माझीच चूक. मला माफ करा.”

“मंग? तुम्ही काय म्हटलं?” मी विचारलं.

“काय म्हनू? मी म्हनलं, चाल, बस निघून जाईन.”

मी चिडले. अहो, सांगून टाकायचं ना तिथल्या तिथं! सिस्टर मान खाली घालून बसल्या होत्या. “साऱ्या तालुक्याले धुवाले शिकवलं म्या. बायायले, दायायले. आता तिले कोन्त्या तोंडानं सांगू, धुऊनच बिघडवलं म्हून? नवी पोरगी हाये. सासूनं मुद्दाम केलं म्हनीन.”

“ती तशी नाही हो.”

“मले मालूम हाये न तशी नाई. म्हनूनच त सांगनं होत नाई.”

मुलानं दुसरा लॅपटॉप घ्यायचं काढलं. सूनच नको म्हणाली. एकदा माझ्या हातून असं झालं, आता पुन्हा नको, असं तिचं म्हणणं. कंपनीनं सांगितलं, पुण्याच्या ऑफिसात ये, इथल्या मशीनवर काम कर. गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली. एकदा ऑफिसात बसलेल्या माणसाला कोणता साहेब परत सोडतो? ती तिकडेच राहिली. मुलानं मग तिकडची बदली मागून घेतली. जाताना दोघांनी “तुम्हीही चला” म्हणून सिस्टरला पुष्कळ विनवलं. “मी आता कुठं येऊ? इथल्या पोट्ट्यायचे गुडघे कोन धुईन?” असं म्हणून त्या हसल्या. रिक्षा वळली आणि त्या घरात गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. त्या दिवशी त्यांच्या घरात दिवाही लवकर लागला नाही.

पुण्याहून फोन रोज यायचा. कधीकधी सिस्टर माझ्याकडे बसलेल्या असताना यायचा, तेव्हा मी ऐकायचे. ती पोरगी तिकडून चार गोष्टी सांगायची. ह्यांचं ठरलेलं. “जेवली काय? पानी उकळून पेतं न? बरं. ठेवतो मंग.” आणि फोन बंद.

“अहो, एवढं तुटक काहून बोलता तिच्याशी?” मी एकदा ओरडलेच.

“जास्ती बोललं की थेच तोंडावर येते वं. म्हनून लवकर ठेवतो.”

“येऊ द्या ना मग!”

“फोनवर नाई. इथं आली की सामने बसवून सांगतो.”

बुद्धपौर्णिमेला ती दोघं आली. सिस्टरनी सकाळपासून घर घासून काढलं, खीर केली. दुपारी मी मुद्दाम जाऊन बसले. म्हटलं, आज ह्यांना बोलायलाच लावते. सिस्टरनी चहा केला, पेला सुनेपुढे धरला. सून म्हणाली, “आई, मी चहा सोडला.”

“काहून?”

“असंच. तेव्हापासून नाही घेत.”

सिस्टर पेला हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी डोळ्यांनी खुणावत होते, बोला, आत्ता बोला. त्या आत गेल्या आणि चहा मोरीत ओतल्याचा आवाज आला. त्या वेळेलाही राहिलंच. ती दोघं गेल्यावर माझ्याकडे येऊन रडल्या. मी त्यांना असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. “पोरीनं चहा सोडला वं माह्यापायी. सजा ते भोगून राह्यली.” मी म्हटलं, मी फोन लावून देते, आत्ताच्या आत्ता सांगा. तर माझा हात धरून म्हणाल्या, “आता इतके दिवस झाले. ते विचारीन न, इतके दिवस काहून नाई सांगतलं? त्याचं काय जवाब देऊ? आन् तूही नाई सांगनार. कबूल कर.”

मी कबूल केलं. काय करता?

मग येणं कमी होत गेलं. पुढच्या सणाला मुलगा एकटाच आला, सुनेला सुट्टी नव्हती म्हणे. त्यानंतरच्या खेपेला तोही दोन तास थांबून गेला. सिस्टर कुणाजवळ तक्रार करायच्या नाहीत. गुडघे धुवायच्या, विहारात जायच्या, दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या. सलाईन मात्र कमी वापरायला लागल्या होत्या. उकळून गार केलेलं पाणी घ्यायच्या.

थंडीत एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. मी हाका मारल्या, शेजारच्यांनी कडी तोडली. झोपेतच गेल्या होत्या. चेहरा शांत होता म्हणतात लोक. मला तसा वाटला नाही. मला तो काहीतरी सांगायचं राहून गेलेल्या माणसाचा वाटला, पण मला ठाऊक होतं म्हणूनही तसं वाटलं असेल.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात वंदनेसाठी मांडव होता. खेड्यापाड्यांतून बायका आल्या होत्या, कुणी आपल्या मोठ्या झालेल्या लेकी दाखवायला आणल्या होत्या, ‘हिचं बाळंतपण सिस्टरनं केलं’ म्हणून. सून आतल्या खोलीत कपाट आवरत होती. मी मदतीला गेले. तिनं खालचा खण उघडला, सलाईनच्या बाटल्यांकडे पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, “काकू, त्या दिवशी मी पेला बाजूला ठेवला असता ना, तर मी इथेच असते. आई अशा एकट्या गेल्या नसत्या.”

मला राहवलं नाही. कबूल केलं होतं, पण खड्ड्यात गेलं ते कबूल करणं. सिस्टर गेल्या आणि आता हे ओझं ही पोरगी जन्मभर वाहणार?

“अगं बाई, चहानं नाही बिघडला तो,” मी म्हटलं. “सिस्टरनी धुतला होता. तू मैत्रिणीकडे गेलीस ना, तेव्हा. मुंग्या लागल्या म्हणून. सलाईननं.”

तिला आधी कळलंच नाही. “कशानं?”

“सलाईननं. ह्या अशा बाटलीनं. सिरिंजमध्ये भरून एकेका बटणाच्या फटीत धार सोडली. मग कापसानं टिपला. मला म्हणाल्या, याच्यासारखं साफ पाणी दुनियेत नाही.”

मग तिच्या तोंडातून एक आवाज फुटला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. “सलाईननं? लॅपटॉप?” पोट धरून, कपाटाला टेकून, पूर्वीसारखी आवाज करत हसत होती. बाहेरच्या बायका दारातून डोकावल्या, सासूच्या पुण्यानुमोदनाला हसणारी सून पाहून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मलाही हसू आलं. आम्ही दोघी तिथं फरशीवर बसलो आणि हसत राहिलो, आणि हसता हसता तिचं कधी रडणं झालं ते मला कळलं नाही.

“मला वाटायचं त्या माझ्यावर रागावल्यात,” ती म्हणाली. “फोनवर दोन शब्द बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. मला त्यांच्यापुढे यायची लाज वाटायची, काकू. म्हणून मी येईनाशी झाले.”

“आणि त्यांना तुझी वाटायची.”

“पण का नाही सांगितलं हो त्यांनी? मी काय केलं असतं? हसले असते. एवढंच केलं असतं. आईसुद्धा हसल्या असत्या.”

बाहेर वंदना सुरू झाली होती. कुणीतरी तिला हाक मारत होतं, पहिलं फूल सुनेनं वाहायचं होतं. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि सिस्टरच्या फोटोपाशी घेऊन गेले.